सुपरहिरो कुणाला म्हणायचं? मंडळात स्पर्धा घेणार असाल तर आधी हे वाचा

आमच्या मंडळानं गणपतीत पहिल्यांदा 'माझा सुपरहिरो' ही चित्रस्पर्धा घेतली तेव्हा नियम एकच होता : चित्र ए-थ्री कागदावर पाहिजे. ११२ चित्रं आली. त्यात नऊ मारुती, चार शक्तिमान, एक हयात पुढारी आणि २६ आया. मारुतीच्या एका चित्राला परीक्षकांनी 'वेशभूषा' या रकान्यात दहापैकी सात मार्क दिले. निकाल लागल्यावर त्या मुलाची आजी मांडवात आली आणि अध्यक्षांना म्हणाली, "तीन मार्क कशाचं कापलं तेवढं सांगा. लंगोटाचं?" त्या दिवशी आरती अर्धा तास उशिरा झाली.

माझं सांगलीत डीटीपीचं दुकान आहे. चित्रं स्कॅन करायची, फ्लेक्स करायचे, ही कामं मंडळात आपोआप माझ्या गळ्यात. त्यामुळं सगळी चित्रं माझ्या नजरेखालून गेली, आणि भांडणंही. पुढच्या वर्षी "आता नियम तूच लिही" म्हणून मलाच बसवलं. आज तीन वर्षं झाली. जवळच्या दोन मंडळांनी आणि एका शाळेनं "तुमचे नियम द्या की" म्हटलं, म्हणून सगळं एकदाच लिहून काढतोय. कोण सुपरहिरो आणि कोण नाही हे ठरवायची वेळ आली की पन्नाशीतली माणसंसुद्धा कशी तावातावानं बोलतात, ते तुम्हाला कळेलच.

लागणारं सामान

प्रवेशफॉर्म (चार प्रश्नांचा, खाली देतोय), ए-थ्री ड्रॉइंग पेपर मंडळाच्या शिक्क्यासह, पालकांच्या सहीची चिठ्ठी, परीक्षकांसाठी मार्कांचा तक्ता आणि चित्रं ठेवायला मोठी प्लॅस्टिकची पिशवी. पिशवी विसरू नका. भाद्रपदातला पाऊस मांडवाच्या कोपऱ्यात नेमका चित्रांवरच गळतो. कागदावर शिक्का अशासाठी की घरून आणलेल्या कागदावर चित्र नेमकं कुणी काढलं, हे देवालाच ठाऊक.

१. एक गट ठेवू नका, दोन करा

ही एकच गोष्ट केलीत तरी निम्मी भांडणं मिटतील. एका गटाचं नाव 'मी घडवलेला सुपरहिरो', दुसऱ्याचं 'मला माहीत असलेला मोठा माणूस'. आई, आजोबा, फौजेतला मामा, दवाखान्यातली सिस्टर, स्वातंत्र्यसैनिक हे सगळे दुसऱ्या गटात. बक्षिसाची रक्कम दोन्हीकडं सारखी ठेवा. आम्ही एकदा दुसऱ्या गटाला शंभर रुपये कमी ठेवले होते, तर एका बाईंनी सरळ विचारलं, "आईला शंभर रुपये कमी का?" उत्तर नव्हतं.

आयांच्या त्या २६ चित्रांत बहुतेकींना सहा हात होते. लाटणं, झाडू, लॅपटॉप, डबा, मोबाइल, पिशवी. एकाही हातात चहाचा कप नव्हता. हे जाता जाता.

२. तीन प्रश्न फॉर्मवरच छापा

पीटर कूगन नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं २००६ साली सुपरहिरोची ओळख पटवायला तीन खुणा सांगितल्या : ध्येय, शक्ती आणि ओळख. मला ही मांडणी सगळ्यात सोयीची वाटली, कारण ती आठवीतल्या पोरालाही समजते. फक्त शब्द बदला. आमच्या फॉर्मवर असं असतं :

एक, तो कुणासाठी धावतो?
दोन, इतरांना न जमणारं त्याला काय जमतं?
तीन, लोक त्याला कशावरून ओळखतात?

हे तिन्ही प्रश्न सुपरमॅनला लावून बघा. 'ॲक्शन कॉमिक्स'च्या जून १९३८ च्या अंकात जेरी सीगल आणि जो शूस्टर या क्लीव्हलंडच्या दोन तरुणांनी तो आणला, आणि पहिल्याच अंकात तिन्हींची उत्तरं आहेत. दुबळ्यांसाठी धावतो, गाडी डोक्यावर उचलतो, छातीवर खूण आहे आणि एरवी चष्मा लावून वर्तमानपत्रात नोकरी करतो. गंमत म्हणजे तेव्हा त्याला उडता येत नव्हतं. तो उडी मारायचा, मैलाचा आठवा भाग. आमच्या परीक्षकांत बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले एक काका आहेत, ते हे ऐकून एकदम खूश झाले. "मैलाचा आठवा भाग म्हणजे फर्लांग! फर्लांगाचे दगड रंगवलेत मी. म्हणजे ह्यो गडी एका दगडावरनं दुसऱ्या दगडावर जायचा." तेव्हापासून आमच्या मांडवात शक्ती फर्लांगात मोजतात.

तिन्ही खुणा सारख्या मापाच्या असायलाच हव्यात असं नाही. बॅटमॅनकडं शक्तीच्या नावानं शून्य आहे. पैसा, तालीम आणि डोकं एवढंच. हल्कला ध्येय विचाराल तर बऱ्याचदा 'मला एकटं सोडा' यापलीकडं जात नाही. एखादी खूण फिकी असेल तर बाकीच्या दोन ठळक पाहिजेत, असं आम्ही ठरवलं.

३. शक्तीवर अडकू नका, परीक्षकांनाही अडकू देऊ नका

नवखे परीक्षक इथंच घसरतात. ज्या पोरानं आगीचा फवारा, डोळ्यातून लेसर, अदृश्य होणं आणि वेळ थांबवणं अशी यादी लिहिली त्याला दहापैकी दहा, आणि ज्यानं एकच साधी शक्ती दिली त्याला चार. हे उलटं आहे. शक्ती खलनायकाकडंही असते, कित्येकदा जास्तच असते. तिच्यामुळं कुणी सुपरहिरो ठरत नाही.

परीक्षकांना पटवायला मी दोन गोष्टी सांगतो. पहिली स्पायडरमॅनची. १९६२ साली स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी तो आणला. कोळी चावल्यावर पीटर पार्करनं पहिलं काम काय केलं? कुस्तीच्या आखाड्यात उतरून पैसे मिळवले. मग टीव्हीवर कार्यक्रम केला. समोरून चोर पळत गेला तर 'माझं काय जातंय' म्हणून त्याला सोडून दिलं, आणि त्याच चोरानं पुढं त्याच्या काकाचा जीव घेतला. म्हणजे कोळी चावला त्या दिवशी पोराला नुसती शक्ती आली. सुपरहिरो तो घरासमोर पोलीस उभे दिसले त्या रात्री झाला.

दुसरी आपल्याकडची. १९८६ साली राज कॉमिक्समध्ये नागराज आला तो दहशत पसरवायला तयार केलेलं हत्यार म्हणून. पुढं बाबा गोरखनाथांमुळं तो त्या माणसांच्या तावडीतून सुटला आणि त्यांच्याच विरोधात उभा राहिला. अंगातलं विष तेच, साप तेच. बदललं ते पहिल्या प्रश्नाचं उत्तर. आणि वर्षभरानं त्याच प्रकाशनात आलेला सुपर कमांडो ध्रुव तर कसल्याही दैवी शक्तीशिवाय, सर्कशीतली कसरत आणि विज्ञान यांच्या जोरावर चाललाय.

म्हणून फॉर्मवर चौथा प्रश्न घाला : शक्ती गेली तर तुमचा सुपरहिरो दुसऱ्या दिवशी सकाळी काय करेल? सगळा निकाल या प्रश्नावर लागतो. आम्हाला आलेली काही उत्तरं : 'झोपेल.' 'डॉक्टरकडं जाईल.' 'आईला सांगेल.' आणि एक तिसरीतलं पोरगं, 'तरी जाईल पण हेल्मेट घालून.' त्याचं चित्र यथातथाच होतं, पण त्या एका वाक्यावर तो दुसरा आला.

४. ओळख म्हणजे पाठीवरचा टॉवेल नव्हे

पोरांना वाटतं केप असली की झालं. केप नसलेले सुपरहिरो ढिगानं आहेत. ओळख म्हणजे नाव, खूण, वेश आणि बहुतेक वेळा त्यामागं लपलेला साधा माणूस. शक्तिमान आठवा. १९९७ पासून दूरदर्शनवर लागायचा. पुढं आलेले दात, जाड चष्मा आणि लांबलचक नावाचा तो पंडित गंगाधर नसता तर शक्तिमानची निम्मी मजा गेली असती. लपणं सक्तीचं मात्र करू नका. १९६१ मध्ये आलेल्या फँटॅस्टिक फोरच्या चौघांची खरी नावं सगळ्या गावाला माहीत असतात.

माझ्या पिढीतल्या वाचकांना वेगळा दाखला लागतो. इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ, म्हणजे ली फॉकनं १९३६ साली आणलेला फँटम. शक्ती काही नाही. पण जंगलातल्या लोकांना वाटतं हा चारशे वर्षं जिवंत आहे, मरतच नाही. खरं तर बाप गेला की मुलगा तोच वेश चढवतो; आत्ताचा एकविसावा. इथं माणसं बदलतात आणि ओळख तीच राहते. काका म्हणाले, "म्हणजे पाटीलकीच की."

नावाबद्दल पोरांना आधीच सांगून ठेवा. नाही सांगितलं तर हळदमॅन, भडंगमॅन, ऊसमॅन आणि द्राक्षमॅन अशी सांगली बाजार समितीची आवकच येते. नावातून काम कळलं पाहिजे. हळदमॅन काय करतो विचारलं तर ते पोरगं म्हणालं, "पिवळा असतो." बरं, पुढं?

वेशभूषेचा कार्यक्रम जोडणार असाल तर दोन गोष्टी कडक पाळा. मांडवाच्या चौथऱ्यावरून उडी मारायची नाही, आणि गळ्याला गाठ मारून काही बांधायचं नाही. खांद्यावर सेफ्टी पिन लावा. शक्तिमानच्या काळात पोरं उड्या मारतात म्हणून केवढी ओरड झाली होती, आणि मालिकेच्या शेवटी मुलांना समजावून सांगावं लागायचं. समईजवळ नायलॉनचा कपडा तर नकोच नको.

५. अडणारी प्रकरणं

मारुतीरायांबद्दल सगळ्यात आधी बोलतो, कारण आपला भाग तसा आहे. समर्थांनी स्थापलेल्या अकरा मारुतींपैकी चाफळ, मसूर, उंब्रज, शहापूर, माजगाव, शिंगणवाडी हे सातारा जिल्ह्यात, आणि बहे अन् बत्तीस शिराळा आमच्या सांगलीत. इथल्या पोरानं सुपरहिरो म्हटल्यावर मारुती काढला तर त्यात त्याचं काही चुकलं नाही. तीन खुणा लावल्या तर बसतोही चोख. पराक्रम आहे, सेवा आहे, गदा आहे, वर स्वतःची शक्ती विसरणं आणि जांबवंतानं आठवण करून देणं ही तर कुठल्याही लेखकानं हेवा करावा अशी योजना आहे.

तरी स्पर्धेत घेऊ नका. कारण साधं आहे : आपण त्याला नमस्कार करतो. जिथं शनिवारी तेल घालतो तिथं मार्क घालता येत नाहीत. सुपरहिरोला वाचक नावं ठेवू शकतो, त्याचा अंक फेकून देऊ शकतो, लेखक त्याचा वेश बदलू शकतो. आम्ही आता फॉर्मवर लिहितो, 'देवदेवतांची चित्रं स्वतंत्र लावली जातील, त्यांना गुण नाहीत.' मांडवात देवांची वेगळी दोरी असते. आजी गेल्या वर्षी येऊन बघून गेल्या, काही बोलल्या नाहीत. आमच्याकडं ही पसंतीच समजतात.

दुसरं प्रकरण क्रांतिसिंह नाना पाटलांचं, आणि यावर मी स्वतः दोन वर्षं गोंधळलो. बघा ना, सगळं जुळतं. येडेमच्छिंद्रचा माणूस. १९४३ पासून तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या सातारा-सांगलीत, इंग्रजांच्या नाकावर टिच्चून प्रतिसरकार चालवलं. वर्षानुवर्षं भूमिगत. लोकांनी दिलेलं नाव, तुफान सेना, शेणोलीजवळ रेल्वेतून नेला जाणारा सरकारी पैसा पळवलेला. एका पोरानं धोतर, फेटा आणि मागं आग ओकणारी रेल्वे काढली होती. चित्र नंबरातलं होतं.

परीक्षकांत दोन तट पडले. एक शिक्षक म्हणाले, "हेच खरे सुपरहिरो, बाकीचे कागदाचे." तेव्हा मंडळातले एक जुने आजोबा, त्यांचं गाव कुंडलच्या बाजूचं, ते शांतपणे म्हणाले, "आमची आई रातच्याला भूमिगतांस्नी भाकरी बांधून द्यायची. पोलीस दारात आलं की चुलीत पाणी ओतायची. तिला काय म्हणायचं मग? नाना उडत नव्हतं बाबा. घराघरातनं त्येंला लपिवलं म्हणून ऱ्हायलं."

मला तिथं उत्तर सापडलं. सुपरहिरोला त्याचा लेखक वाचवतो. गोळी लागली तरी पुढच्या अंकात तो उभा असतो. नाना पाटलांना आणि ती भाकरी बांधणाऱ्या बाईला पुढच्या अंकाची खात्री नव्हती. त्यांना सुपरहिरो म्हटलं की त्यांनी काय पणाला लावलं होतं तेच पुसलं जातं. म्हणून इतिहासातली माणसं दुसऱ्या गटात. गोळेश्वरचे खाशाबा जाधवही तिथंच. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमधलं ब्राँझ लाल मातीत घाम गाळून आलंय, कोळी चावून नाही. आणि २०१९ च्या महापुरात होड्या घेऊन गल्लीगल्लीतून माणसं काढणारी मंडळीही तिथंच.

हयात पुढारी? दोन्ही गटांत नको. यावर चर्चासुद्धा करू नका, वर्गणीचा प्रश्न असतो.

६. नक्कल कशी ओळखायची

उडणारा माणूस कुणाच्या मालकीचा नसतो. निळा अंगाबरोबरचा वेश, लाल केप आणि छातीवर तेच अक्षर असलेला उडणारा माणूस मात्र असतो. हे भांडण सुपरमॅनइतकंच जुनं आहे. १९३९ मध्ये दुसऱ्या एका कंपनीनं वंडर मॅन नावाचा नायक काढला, तोही अचाट ताकदीचा, गोळ्यांना न बधणारा. सुपरमॅनवाले कोर्टात गेले आणि १९४० मध्ये अपिलातही निकाल त्यांच्या बाजूनं लागला. तो वंडर मॅन एका अंकातच संपला. 'सुपरहिरो' या शब्दावरही डीसी (सुपरमॅनवाले) आणि मार्व्हल (स्पायडरमॅनवाले) या दोन कॉमिक कंपन्यांचा अमेरिकेत संयुक्त ट्रेडमार्क होता. २०२४ मध्ये तो रद्द झाला. मांडवातल्या पोरांना याचा ताप नाही, पण पुढं कुणी कॉमिक छापायचं म्हणालं तर वेश आणि खूण स्वतःची हवी, एवढं आत्तापासून अंगवळणी पडलेलं बरं.

मोठा ताप आता वेगळा आहे. मोबाइलवर चार शब्द टाकून चित्र तयार होतं आणि पालक त्यावरून गिरवून आणतात. यावर आमचा साधा उपाय : पहिल्या दहांत आलेल्या पोरांना मांडवात बोलवायचं, पंधरा मिनिटं आणि एक पेन्सिल द्यायची, 'तुझा सुपरहिरो जेवताना काढ' म्हणायचं. ज्याचा आहे तो लगेच काढतो. तो डावखुरा आहे, त्याला कारलं आवडत नाही, हेही सांगतो. ज्याचा नाही तो बापाकडं बघतो.

७. परीक्षण

तिघे परीक्षक घ्या, त्यात एक तरी चित्रकलेबाहेरचा. मार्क असे : कुणासाठी धावतो याला ३०, चौथ्या प्रश्नाला ३०, ओळखीला २०, चित्राला १५, शक्तीला ५. शक्तीला पाचच मार्क बघून परीक्षक कुरकुर करतात, करू द्या.

गेल्या वर्षीचं उदाहरण सांगतो. सांगलवाडीतल्या सहावीच्या एका मुलीनं 'पायरीताई' आणली. पिवळा रेनकोट, पायात काही नाही. ती कृष्णेच्या घाटावर पाण्यात पाय बुडवून उभी राहते आणि रात्री पाणी कितव्या पायरीपर्यंत येणार ते तिला कळतं. कळलं की पाय बर्फासारखे गार पडतात, मग ती तशीच लंगडत दारं वाजवत फिरते. बस, एवढीच शक्ती. पाणी तिला अडवता येत नाही.

एक परीक्षक म्हणाले, "ह्यात सुपर काय? आयर्विन पुलावर आकडे रंगवलेत. चाळीस फूट इशारा, पंचेचाळीस धोका. मोबाइलवर बातमी येते." काका म्हणाले, "एकोणीस साली सत्तावन्न फुटांवर गेलं तेव्हा आकडे होतेच की. तरी आम्ही रात्री झोपलो होतो." पण चौथ्या प्रश्नाचं उत्तर फॉर्मवर दिसेना. कोरं समजून शून्य पडलं, आणि पायरीताई पाचवी आली.

बक्षीस समारंभ झाल्यावर मुलगी चित्र परत न्यायला दुकानात आली. फॉर्म हातात घेऊन तिनं उलटा केला. मागं पेन्सिलीनं लिहिलेलं होतं : 'शक्ती गेली तर ती पायरीवर खडूनं रेघ मारेल आणि दर तासाला बघायला येईल.'

कागद वाचवायला म्हणून चौथा प्रश्न मी फॉर्मच्या मागच्या बाजूला छापला होता, आणि तपासताना एकानंही फॉर्म उलटला नव्हता. तुम्ही चारही प्रश्न पुढच्याच बाजूला घ्या. फाँट बारा ठेवलात तर आरामात बसतात.